घरचे फोटो दोन घरी ठेवा

आपल्या घरांत फोटो ही वस्तू फार उशिरा आली. ज्यांच्या वाड्यांत तैलचित्रे लागली, ज्यांच्या लग्नात दोन पिढ्यांपासून कॅमेरा येत होता, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्या आजा-आजीचा फोटो किती घरांत आहे, हे वाचक बंधू-भगिनींनी आपल्याच घरात एकदा पाहावे. भिंतीवर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. तिच्या खाली आई-वडिलांचा एखादा फोटो असतो, तोही बहुधा मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. माझ्या आज्याचा तर तोही नाही. तो कसा दिसत होता असे विचारले की बाबा आपल्या कपाळाला हात लावून म्हणत, "हे कपाळ पाह्य. असाच होता." एवढाच आमच्या आज्याचा फोटो.

माझे माहेर ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावात. घरी एकूण सात फोटो होते. हे मी मोजून सांगते, कारण धानाचे रोवणे आटोपले की पावसाच्या दुपारी आई पत्र्याची पेटी उघडून ते आम्हाला एकेक दाखवायची आणि पुन्हा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची. आई-बाबांचा लग्नानंतरचा १९७५ सालचा स्टुडिओतला एक. त्यात मागच्या पडद्यावर रंगवलेला बंगला आणि बदकांचे तळे, आणि पुढे दुसऱ्याच्या बांधीत राबणारे दोन जीव ताठ उभे. भावाचा शाळेतला एक. माझा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी काढलेला एक. नागपूरच्या दीक्षाभूमीवर गर्दीत काढलेला एक, ज्यात बाबांचा अर्धाच चेहरा आला होता. बाकीचे तीन नातलगांच्या लग्नांतले.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेला पूर त्या भागातले लोक विसरलेले नाहीत. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी आले, गोसीखुर्दचे दरवाजे उघडले गेले आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली. कोरोनाचे दिवस. बाबांनी बैल सोडले, आईने तांदळाचे पोते आणि सातबारा, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक असलेली पिशवी उचलली, आणि दोघे उंचावरच्या वस्तीत गेले. पेटी घरात राहिली. पिशवी उचलली ते योग्यच केले. आपल्या माणसाचा दाखला हरवला तर तो पुन्हा मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे काय सांगायचे! फोटो मात्र कोणत्याही कचेरीत मागत नाहीत, म्हणून तो धावपळीत आठवत नाही.

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा सातही फोटो एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झाला होता. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, पूर काही पुन्हा यायचा थांबणार नाही. भिजून चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत, उन्हातही टाकायचे नाहीत. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ते बुडवून ठेवायचे, आपोआप सुटू लागले की हलक्या हाताने वेगळे करायचे, आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवायचे. चंद्रपूरच्या एका स्टुडिओवाल्याने हे आम्हाला फोनवर सांगितले. त्यामुळे चार फोटो सुटले. लग्नाच्या फोटोतला बंगला राहिला, बदके राहिली, बाबांचा चेहरा मात्र पांढरा पडला. आईचा अर्धा दिसतो.

त्यानंतर भावाने आई-बाबांना अहेरीला आपल्याकडे नेले. भाऊ एसटीत चालक आहे. त्याच्याकडे बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन होता. सात फोटोंच्या घरात आता दर महिन्याला शंभर फोटो निघू लागले! बाबा दाढी करताना, बाबा नातीची वेणी घालताना, बाबा प्राणहितेच्या काठावर धोतर खोचून उभे. आईला तर इतके फोटो काढून काय करायचे हेच समजेना. पण बाबांना ते आवडे. संध्याकाळी भाऊ ड्युटीवरून आला की ते त्याच्याकडून फोन मागून घेत आणि चष्मा वर करून आपलेच फोटो पाहत बसत.

मी अंगणवाडी सेविका, राहते चंद्रपूरला बाबूपेठेत. फोनवर काम करणे आमच्या रोजच्या कामाचाच भाग झाला आहे, त्यामुळे फोन बंद पडला, हरवला, पाण्यात पडला, अशा कथा मी बायकांच्या तोंडून नेहमी ऐकते. एका बाईच्या वारलेल्या मुलाचे सगळे फोटो एका फोनमध्ये होते. तो फोन शौचालयात पडला. दुकानदाराने हात वर केले. ती बाई आजही तो बंद फोन कपाटात जपून ठेवते. पूर्वी घर बुडाले तर सात फोटो जात. आता नुसता फोन बुडाला तर चार हजार जातात, आणि पूर यायचीही गरज नाही.

भावाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आयटीआय शिकायला माझ्याकडे राहायला आला, तेव्हा त्याने जुना लॅपटॉप घेतला होता. मी त्याला म्हटले, "तुझ्या आजोबाचे फोटो या डब्यात घेऊन ठेव." त्याने आधी गुगल फोटोजचा मार्ग पाहिला. बहुतेक फोनांत तो असतोच, आणि ज्याला दुसरे काही जमत नाही त्याने तो अवश्य वापरावा. पण तिथे २०२१ च्या १ जूनपासून अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता १५ जीबी फुकट, तीही ईमेल आणि इतर फायलींसह. फोनमधला एक फोटो साधारण चार एमबीचा धरला तर चार हजार फोटोंचे सोळा जीबी झाले. पुढे दर महिन्याला पैसे. शिवाय ते खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते, असा नियम २०२३ च्या डिसेंबरपासून लागू आहे. माणूस गेल्यावर त्याचे खाते कोण उघडणार? पासवर्ड कोणाला माहीत असतो?

म्हणून भाच्याने दुसरा मार्ग धरला. सिंकथिंग नावाचा एक प्रोग्राम आहे. २०१३ पासून जगातले काही स्वयंसेवी प्रोग्रामर तो तयार करतात आणि फुकट देतात. त्यात कोणत्याही कंपनीच्या मोठ्या कपाटात आपले फोटो जात नाहीत. फोनमधला एक फोल्डर आणि लॅपटॉपमधला एक फोल्डर यांची जोडी लावायची. मग दोन्ही यंत्रे चालू असली आणि एकमेकांना सापडली की ती आपसांत बोलून दोन्ही फोल्डर एकसारखे करून घेतात. जोडी लावताना एका यंत्राचा लांबलचक क्रमांक दुसऱ्याला द्यावा लागतो, चौकोनी ठिपक्यांचा कोड कॅमेऱ्याने टिपला तरी चालते. वाटेत कोणी फोटो पाहू शकत नाही, कारण ते कुलूपबंद होऊन जातात. आपल्या लेकी-सुनांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. फोटो काढून द्या म्हणून परक्या दुकानात फोन ठेवून येणे मला कधीच पटले नाही.

अहेरीला नेटवर्क कधी असते, कधी नसते. म्हणून पहिल्या खेपेचे सोळा जीबी इंटरनेटवरून आलेच नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात भाऊ आमच्याकडे आला तेव्हा भाच्याने आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, त्यावर भावाचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडले. दोन्ही यंत्रे एकाच घरच्या जाळ्यात आली की फोटो थेट इकडून तिकडे जातात, डेटा खर्च होत नाही. रात्रभर फोन चार्जिंगला लावून ठेवला. सकाळी लॅपटॉपवर बाबा प्राणहितेच्या काठी उभे होते! त्यानंतर रोजचे पाच-दहा फोटो मात्र अहेरीहून नेटवर्क मिळेल तसे येत राहिले. तिथे काढलेला फोटो कधी दुसऱ्या दिवशी, कधी चार दिवसांनी आमच्या घरी उगवायचा. मी चहा घेताना लॅपटॉप उघडायची आणि आज बाबांनी काय केले ते पाहायची. लग्न होऊन तीस वर्षांनी माहेर असे रोज दिसू लागले.

हे नेमके काय चालते ते मी भाच्याला विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर मला फार आवडले. तो म्हणाला, "आत्या, दोन बांध्यांच्या मधला धुरा फोडला की पाणी सारखं होते ना, तसंच हे." धानाची शेती पाहिलेल्याला आणखी काही सांगायला नको. पण याच उदाहरणात एक धोका आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. धुरा फुटलेला असला तर एका बांधीतले पाणी काढून टाकल्यावर दुसरीतले राहते काय?

बाबा २०२३ च्या नोव्हेंबरात गेले. पंचाहत्तर वर्षांचे होते. आजार थोडका होता.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, भावाच्या फोनमधली जागा भरली. फोन सारखा सूचना देई, अडकून पडे. चालकाला फोनशिवाय चालत नाही. त्याने अहेरीच्या बसस्टँडवर बसून जुने फोटो, व्हिडिओ, जे जे दिसेल ते खोडून टाकले. त्याच्या मनात शंका नव्हती. त्याच्या एका सोबत्याच्या फोनमध्ये गुगल फोटोज होते, आणि त्यात 'जागा मोकळी करा' असे एक बटण असते. ते दाबले की फोनमधले फोटो जातात, पण कंपनीकडचे राहतात. त्याला वाटले, आपलेही तसेच. सोबत्याचे फोटो राहिले, मग आपले का जातील? पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. एक ठेवून घेणारे कपाट आहे, दुसरा फुटलेला धुरा आहे. अहेरीत फोटो खोडले गेले आणि त्याच रात्री चंद्रपूरच्या लॅपटॉपनेही आज्ञाधारकपणे तेच केले. यात त्या प्रोग्रामचा दोष म्हणता येणार नाही. दोन्हीकडे सारखे ठेव असे त्याला सांगितले होते, त्याने सारखे ठेवले.

आम्हाला हे कळले नोव्हेंबरात. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली होती. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवायचा, त्यासाठी चांगला फोटो मोठा करून आणायचा, म्हणून भाच्याने लॅपटॉप उघडला. फोल्डरमध्ये सप्टेंबरपासूनचे फोटो. त्याआधीचे काहीच नाही. पोराचा चेहरा उतरला. भावाला फोन लावला तर तो म्हणतो, "ताई, लॅपटॉपमंदी तं हायेतच ना सारे! म्हून तं खोडलो." पुढे कोणीच काही बोलले नाही. आई खाटेवर डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसली होती, तिला आम्ही सांगितलेच नाही. तिने मात्र ओळखले. "पेटी भिजली काय?" असे विचारले.

पेटी भिजली नव्हती. या प्रोग्राममध्ये एक सोय आहे. दुसऱ्या यंत्राने सांगितल्यावरून काही खोडायचे झाले तर ते लगेच नष्ट न करता बाजूच्या एका फोल्डरमध्ये टाकून ठेव, असे त्याला सांगता येते. ही सोय आपोआप चालू नसते, आपण चालू करावी लागते. भाच्याने जोडी लावतानाच ती चालू करून नव्वद दिवसांची मुदत घातली होती आणि नंतर विसरून गेला होता. त्या फोल्डरचे नाव 'एसटी व्हर्जन्स' असे काहीसे असते. आमच्या घरात एसटी म्हटले की भावाची गाडी आठवते, म्हणून ते नाव सगळ्यांच्या लक्षात राहिले. तो फोल्डर उघडला, आणि चार हजार फोटो जिथल्या तिथे! मी कॅलेंडर घेऊन दिवस मोजले. भाऊ फोटो खोडून अठ्ठ्याहत्तर दिवस झाले होते. आणखी बारा दिवस गेले असते तर प्रोग्रामने तेही झाडून टाकले असते. स्मृतिदिन डिसेंबरात आला असता तर?

पण सगळे मिळाले नाही, आणि जे गेले त्याची किंमत मला फोटोंपेक्षा जास्त वाटते.

बाबा आठ वर्षांचे असताना त्यांच्या बापाने त्यांना चांद्याला नेले होते. १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरनंतर दोन दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली तो दिवस. छोट्या लाइनच्या गाडीने चांदा फोर्टला उतरणे, माणसांचा लोंढा, बापाच्या खांद्यावर बसून जाणे, ही हकीकत बाबा आम्हाला तुकड्या-तुकड्याने सांगत. दरवर्षी एखादा तुकडा नवा निघे. शेवटच्या उन्हाळ्यात भावाच्या मुलीने त्यांच्यापुढे फोन ठेवून सगळे एकदाच सांगायला लावले आणि आवाजाची नोंद केली. चाळीसेक मिनिटांची होती असे ती सांगते. मी ती ऐकलेली नाही, दिवाळीत अहेरीला जाईन तेव्हा ऐकू म्हणून राहिली होती.

जोडी लावली होती ती कॅमेऱ्याच्या फोल्डरची. फोनमध्ये कॅमेऱ्याने काढलेले फोटो एका ठिकाणी राहतात, आवाजाच्या नोंदी दुसऱ्या ठिकाणी, व्हॉट्सॲपवर आलेले तिसऱ्याच ठिकाणी. आपल्याला हे सगळे एकत्र दिसते, म्हणून ते एकत्र असेल असे वाटते. आवाजाचा फोल्डर लॅपटॉपला कधी जोडलेलाच नव्हता. बसस्टँडवर भावाने जे जे खोडले त्यात ती नोंदही गेली, आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती. भाच्याने खोडलेल्या फायली परत आणणारे दोन-तीन प्रोग्राम लावून पाहिले, पण अडीच महिन्यांत त्या जागेवर नवे फोटो बसून गेले होते. आईला हे शेवटी सांगावे लागले. ती म्हणाली, "फोटो हायेत तं तुह्या बाबाचे. बोलनं कोठं गेलं मंग?"

एकच प्रत असणे म्हणजे काय, हे आपल्या चळवळीने फार मोठ्या नुकसानीतून पाहिले आहे. दिल्लीच्या २६, अलीपूर रोड या बंगल्यात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तिथे राहिलेली त्यांची कागदपत्रे १९६७ च्या जानेवारीत उघड्या अंगणात टाकली गेली आणि पावसात भिजली, हे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. बाबासाहेबांच्या हातचे किती काय त्या पावसात गेले, याचा हिशेब कोण देणार? जे वाचले त्यातून वसंत मून यांच्यासारख्या माणसाने वर्षानुवर्षे खपून खंड सिद्ध केले. महाराष्ट्र शासनाने पहिला खंड १९७९ साली काढला आणि मग त्या शब्दांच्या प्रती हजारो घरांत गेल्या. आज कोणत्याही एका अंगणात पाऊस पडून ते शब्द जाणार नाहीत. कोठे बाबासाहेबांचे कागद आणि कोठे आमच्या बाबांची चाळीस मिनिटे, असे कोणी म्हणेल. तुलना माणसांची नाही. पाऊस दोन्हीकडे तसाच पडतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता आमच्या घरी काय व्यवस्था आहे ते सांगते. फोन आणि लॅपटॉपची जोडी आहेच, कारण तिची सवय फार सोयीची आहे. कोणी आठवण ठेवण्याची गरज नाही, फोटो आपले येत राहतात. मात्र फोनच्या बाजूला 'फक्त पाठव' आणि लॅपटॉपच्या बाजूला 'फक्त घे' असे भाच्याने बसवले आहे, म्हणजे लॅपटॉपवर कोणाचा हात चुकून लागला तरी फोनमधले फोटो बिघडत नाहीत. तरी फोनमध्ये खोडले तर लॅपटॉपवरही खोडले जाते, हे यात बदलत नाही. म्हणून बाजूला टाकलेले नव्वद दिवसांनी झाडण्याऐवजी झाडूच नको, असे सांगितले आहे. आवाजाचा आणि व्हॉट्सॲपचा फोल्डरही जोडला. आणि फोन बॅटरी वाचवण्यासाठी असे प्रोग्राम गुपचूप झोपवतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन याला झोपवू नको असे सांगावे लागते. नाहीतर महिनाभर एकही फोटो येत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आठवड्यातून एकदा आजचा फोटो आला का, एवढे मी पाहते.

खरी राखण मात्र या जोडीची नाही. दर दोन महिन्यांनी भाचा सगळे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि तिची वायर काढून ठेवतो. ती कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे कोणी कुठे काही खोडले तरी तिला पत्ता लागत नाही. दुसरी तशीच प्रत पेनड्राइव्हवर अहेरीला भावाच्या कपाटात असते. चंद्रपूरला इरई नदीचे पाणी वस्त्यांत शिरते, २०२२ च्या जुलैतही शिरले होते. तिकडे प्राणहिता आहे. दोन्हीकडे एकाच दिवशी सगळे बुडेल असे मला वाटत नाही.

ज्या घरात लॅपटॉप नाही, त्यांनी निराश होऊ नये. फोनला थेट लागणारा पेनड्राइव्ह मिळतो. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर चार एमबीचे सुमारे पंधरा हजार फोटो मावतात. घरच्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगितले तर अर्ध्या तासाचे काम आहे. फक्त 'हलवा' नाही, 'कॉपी करा' निवडायचे, आणि उतरवून झाल्यावर चार-पाच फोटो उघडून पाहायचे. असे दोन पेनड्राइव्ह करा, एक आपल्या घरी आणि एक बहिणीच्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवले म्हणजे झाले, असे मात्र समजू नका. तिथे फोटो बारीक होऊन जातो, मोठा करायला गेले की चेहरा फाटतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा जातो. आणि पाच-दहा फोटो कागदावर छापून घ्या. कागद वाचायला चार्जर लागत नाही.

पेटीतल्या जुन्या फोटोंचेही फोटो काढून ठेवा. सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन फोटोच्या बरोबर वर सरळ धरून. आम्ही पुरातून वाचलेले चार तसे काढून घेतले. पुराआधीच काढले असते तर बाबांचा लग्नातला चेहरा राहिला असता, पण तेव्हा घरात तसा फोनच नव्हता.

आणखी एक माहिती द्यायला हवी. सिंकथिंगच्या मूळ मंडळींनी अँड्रॉइड फोनसाठीचे आपले ॲप २०२४ च्या डिसेंबरात बंद केले. संगणकावरचे चालू आहे. फोनसाठी दुसऱ्या स्वयंसेवकांनी त्याचीच शाखा पुढे चालवली, ती सिंकथिंग-फोर्क या नावाने ओळखली जाते. भाच्याने तीच घातली. फुकट मिळणाऱ्या आणि आवडीने चालवलेल्या वस्तूंचे असे होते. आज करणारे हात उद्या दमतात. पण ॲप बंद पडले म्हणून आमचा एकही फोटो अडकला नाही, कारण ते साध्या फायली म्हणून आपल्याच लॅपटॉपवर होते. नवे काही घालायच्या आधी त्या वेळी काय चालू आहे ते जाणत्या मुलाला विचारून घ्यावे.

बाबांची हकीकत मी आठवेल तशी वहीत उतरवून काढली. नऊ पाने झाली. गाडीचे डबे, बापाच्या खांद्यावरून दिसलेली डोक्यांची गर्दी, परतताना लागलेली भूक आणि कोणा अनोळखी बाईने दिलेली भाकर एवढे माझ्याजवळ आहे. त्या नऊ पानांत बाबांची थांबायची जागा नाही, त्यांचे खाकरणे नाही. भावाच्या मुलीला त्यातले मला माहीत नसलेले दोन प्रसंग आठवले, ते तिच्या शब्दांत लिहून घेतले. आईची पट्टी निघाल्यावर तिच्या आवाजाची नोंद आम्ही तीन बैठकांत केली. ती आधी लाजली, मग लग्नाआधीचे सांगू लागली, जे आम्ही कोणीच ऐकले नव्हते. तिन्ही नोंदी आता लॅपटॉपवर, हार्ड डिस्कवर आणि अहेरीच्या कपाटात आहेत.

बाबांची थोरली बहीण वडशाला असते. १९५६ साली ती तेरा वर्षांची होती आणि त्याच गाडीने चांद्याला आली होती. तिला आता कमी ऐकू येते, पण बोलते खणखणीत. येत्या रविवारी मी आणि भाचा सकाळच्या गाडीने तिच्याकडे जाणार आहोत. फोन रात्रीच चार्ज करून ठेवायला सांगितला आहे, आणि पेनड्राइव्ह मी माझ्या पर्समध्ये घेतला आहे.